रिकॉलमध्ये डीलरने इंजिन 'पास' केलेली मोठी एसयूव्ही लांबच्या प्रवासाला न्यावी का?

तुमचा प्रश्न वाचून आधी पुढे सरकले होते. २०२२ ची जनरल मोटर्सची युकॉन, ६.२ लिटरचं व्ही-एट इंजिन, रिकॉलचं (दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावल्याचं) पत्र आलं, डीलरने तपासून पास केली आणि जाड ऑइल घालून परत दिली. आता सासू-सासऱ्यांना घेऊन यलोस्टोनला जायचं की गाडी विकून टाकायची, असं तुम्ही विचारताय. याची उत्तरं देणारे इथे भरपूर आहेत. पण शेवटी कंसात तुम्ही लिहिलंय, 'सासरे म्हणतात आवाज बदललाय, पण ते जुन्या गाड्यांच्या काळातले.' त्या एका ओळीसाठी लिहायला बसले.

माझे वडील एसटीत होते. सांगलीला वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं, बहुतेक काळ इंजिनांवरच. २०२३ च्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे डॅलसजवळ आले, तेव्हा आमच्याकडेही आठ जणांची मोठी एसयूव्ही होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, तो विषय मिटलाय. आणि ती तुमच्या रिकॉलमधली गाडी नव्हती. चाळीस हजार मैलसुद्धा झाले नव्हते.

एका सकाळी सहाच्या सुमारास गॅरेजमध्ये गेले तर बाबा बॉनेट उघडून उभे. हातात लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनला खालच्या बाजूला टेकवलेलं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला. मला म्हणाले, "जरा ॲक्सिलरेटर दे. हळू. आता सोड." दोन-तीनदा तसं करायला लावलं. मग गाडी बंद करून, थोडं थांबून डिपस्टिक काढली, दोन बोटांत ऑइल चोळलं आणि दाराशी जाऊन बोटं उन्हात धरली. "चांदी दिसते का बघ." चांदी म्हणजे झिजलेल्या धातूचा चुरा. दिसली. पिठीइतकी बारीक, पण चमकत होती. "टॅपेट वरून वाजतं, टिकटिक करतं. हे खालून येतंय. बेअरिंग आहे." टॅपेट इंजिनच्या वरच्या भागात असतात, आणि हे बेअरिंग म्हणजे खाली फिरणाऱ्या दांड्याला (क्रँकशाफ्टला) आधार देणारं धातूचं कडं.

मी म्हटलं, आत्ता सांगते आत जाऊन. बाबा म्हणाले, "नको. जावईबापूंची गाडी आहे. सासरा आला आणि गाडीत खोड काढून बसला, असं नको व्हायला. तू सांग सवडीने." एवढं बोलून त्यांनी बोटं कागदाला पुसली आणि डिपस्टिक होती तशी बसवली.

मी सवडीने सांगितलं. नवरा म्हणाला, डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं अशीच टिकटिकतात, दोन आठवड्यांपूर्वी सर्व्हिसिंग झालंय, तपासणीच्या कागदावर सगळे रकाने हिरवे आहेत, आणि बाबांनी आयुष्यभर डिझेलची लेलँड बघितली. मला तेव्हा ते पटलं. हे मला आजही लागतं.

पुढच्या शनिवारी सॅन अँटोनियोला निघालो. आम्ही दोघं, दोन मुलं, आई-बाबा आणि सासूबाई. आय-३५ वर वेको मागे पडलं आणि खालून ठक्‌ ठक्‌ सुरू झालं. या वेळी सगळ्यांना ऐकू आलं. मग दिवा लागला, आणि सत्तरच्या वेगात, डावीकडच्या लेनमध्ये, गाडीने जीव सोडला. पेडल दाबलं तरी काही नाही. मागे अठरा चाकांचा ट्रक. नवऱ्याने दोन लेन कापून गाडी कडेला कशी आणली हे त्यालाही सांगता येत नाही. अडीच तास टो ट्रकची वाट बघितली. ऊन १०० फॅरनहाइटच्या वर. आईने दशम्या-चटणी काढली, कोणी खाल्ली नाही. बाबा पूर्ण वेळ मुलं आणि रस्ता यांच्या मध्ये उभे होते. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य त्यांनी त्या दिवशी उच्चारलं नाही, नंतरही नाही.

बेअरिंगच गेलं होतं. डीलरने आधी विचारल्या त्या ऑइल बदलल्याच्या पावत्या, पहिल्या दिवसापासूनच्या. एकदा नवऱ्याने घरीच ऑइल बदललं होतं, त्याची पावती नाही. त्या एका पावतीवर तीन आठवडे अडले. शेवटी क्रेडिट कार्डाच्या जुन्या स्टेटमेंटमध्ये ऑइल-फिल्टरची खरेदी सापडली आणि इंजिन वॉरंटीत बदलून मिळालं. तेव्हा पावत्या जपा, मी एवढंच म्हणेन.

आता तुमच्या गाडीचं. एप्रिल २०२५ च्या त्या रिकॉलमध्ये २०२१ ते २०२४ च्या गाड्या आहेत, एकट्या अमेरिकेत जवळपास सहा लाख. क्रँकशाफ्टची मापं आणि घडाई ठरल्याप्रमाणे नाही, आणि कनेक्टिंग रॉडमध्ये (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यांत) व क्रँकच्या ऑइलच्या वाटांमध्ये कारखान्यातला कचरा राहिलेला, असं कंपनीनेच सरकारला कळवलंय. त्यांच्याकडच्या तक्रारी २८,१०२. त्यातल्या १४,३३२ जणांनी सांगितलं की चालती गाडी ओढायची थांबली. हा आकडा वाचताना मला तो डावीकडचा लेन दिसतो. दोष असेल अशा गाड्या ३ टक्के, असा कंपनीचा अंदाज आहे. तपासणीत दोष दिसला नाही तर ०डब्ल्यू-२० ऐवजी ०डब्ल्यू-४० ऑइल (शेवटचा आकडा मोठा, तितकं गरम इंजिनात ऑइल जाड), नवा फिल्टर आणि ऑइलचं नवं झाकण. क्रँक आणि बेअरिंग तीच जुनी. म्हणून पास म्हणजे त्या दिवशी पास, एवढाच अर्थ घ्या.

ही बातमी मी फोनवर बाबांना वाचून दाखवली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "चाळीस घालायचं होतं तर आधी वीस कशाला घातलं?" नवऱ्याने ते ऐकलं. तो अजून म्हणतो की बाबांचं निदान हा योगायोग होता. योगायोग नव्हता. तो हे उत्तर वाचणार आहे, म्हणून इथे लिहून ठेवते.

विकू मात्र नका. पास झालेल्या गाड्यांच्या क्रँक, रॉड, बेअरिंगसाठी कंपनीने दहा वर्षं किंवा १,५०,००० मैलांचं संरक्षण दिलंय. आत्ता विकाल तर भावात मार खाल. आणि 'टोयोटा घ्या' म्हणणाऱ्यांनाही सांगा की टंड्रा आणि लेक्सस एलएक्सची इंजिनं आत राहिलेल्या कचऱ्यापायी २०२४ मध्ये परत बोलवावी लागली, लाखाच्या वर गाड्यांची. २०२५ मध्ये आणखी सव्वा लाखाची भर पडली.

प्रत्येक आवाज म्हणजे बेअरिंग नव्हे, हेही खरं. थंड इंजिन सुरू करताना टिकटिक होऊन मिनिटभरात थांबली तर घाबरू नका. पातळ ऑइलबद्दल बाबांचं म्हणणंही पूर्ण बरोबर नाही. मूळ दोष घडाईचा आणि कचऱ्याचा आहे, जाड ऑइल फक्त धातूंमधला पडदा थोडा राखतं. माझं वाचून कोणी रिकॉलमध्ये नसलेल्या गाडीत मनाने ०डब्ल्यू-४० ओतू नये.

तुमच्या सासऱ्यांना खरंच आवाज बदललेला वाटत असेल तर यलोस्टोनला भाड्याची गाडी घेऊन जा. त्याआधी फोनवर आवाज रेकॉर्ड करा, ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा (तीस-चाळीस डॉलरात कोणता धातू किती उतरलाय ते कळतं), आणि दोन्ही घेऊन डीलरकडे परत जा, तक्रार लेखी द्या. आणि ती रेकॉर्डिंग करताना सासऱ्यांना गॅरेजमध्ये सोबत घ्या. आवाज वरून येतो की खालून, हे तुम्ही स्वतःहून विचारा. जावयाने विचारल्याशिवाय ते सांगायचे नाहीत.