९९६, ९९७ की ९९१? आधी व्हिसा बघू, मग गाडी

तुमचं पत्र थोडक्यात असं आहे. न्यू जर्सीत एडिसनला राहता, वय ३९, एच-वन बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहात, वहिनी एच-फोरच्या (तुमच्या व्हिसावर मिळणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसाच्या) ईएडीवर, म्हणजे वर्क परमिटवर नोकरी करतात, मुलगा ७ वर्षांचा. महिन्याचा खर्च साधारण ६ हजार डॉलर, बँकेत ७८ हजार, आणि जुनी पोर्शे ९११ घ्यायचीये. तीन गाड्या बघून ठेवल्यात (९९६, ९९७, ९९१ ही ९११ च्या एकामागून एक आलेल्या जनरेशनची नावं): २००३ ची ९९६ मॅन्युअल २९ हजाराला, २००९ ची ९९७ करेरा एस (साध्या करेरापेक्षा जास्त ताकदीची) पीडीके म्हणजे ऑटोमॅटिक गिअरवाली ६४ हजाराला आणि २०१३ ची साधी करेरा ९९१ ६९ हजाराला. विचारलंय की कुठल्या जनरेशनमध्ये पैसा टिकेल. वहिनी म्हणतात तिन्ही नकोत, ते तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत घुसवलंय :)

नुसतं "पैसा कुठे टिकेल" एवढंच उत्तर हवं असेल तर २००९ ची ९९७, विषय संपला. त्या वर्षी इंजिन नवं आलं, ज्या आयएमएस (इंजिनातला इंटरमीडिएट शाफ्ट) बेअरिंगच्या नावाने लोक आधीच्या गाड्यांना घाबरतात तो शाफ्टच काढून टाकला, एसला ३८५ हॉर्सपॉवर, आणि स्टिअरिंग अजून हायड्रॉलिक, म्हणजे रस्ता हाताला कळतो. ९९१ ला ते इलेक्ट्रिक झालं, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) १० सेंटीमीटर वाढला, गाडी जास्त शांत, जास्त आरामशीर. रोज ऑफिसला न्यायची असेल तर ९९१ च बरी. पण तुमच्याच आकड्यांत बघा ना, चार वर्षांनी नवी असून फक्त ५ हजार जास्त, एक एस आणि दुसरी बेस हा फरक धरला तरी बाजाराचं मत कळतं. ९९७ मॅन्युअल असती तर अजून महाग मिळाली असती आणि विकतानाही तेवढीच वर गेली असती.

९९६ ची गोष्ट वेगळी. पहिली वॉटर-कूल्ड (इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड होणारी) ९११, त्यामुळे जुन्या एअर-कूल्डवाल्यांनी तिला कधी आपलं मानलंच नाही, त्यात ते तळलेल्या अंड्यासारखे हेडलाइट, आणि पुढचा भाग बराचसा पोर्शेच्याच स्वस्त बॉक्सटरशी सारखा, म्हणून ती स्वस्त. आणि हो, ते बेअरिंग. इंजिनात आत बसतं, गेलं की इंजिनच घेऊन जातं, आणि रिबिल्डचं बिल २० हजारांच्या पुढे सहज, म्हणजे जवळजवळ गाडीएवढं. यावरून अमेरिकेत क्लास अॅक्शन सुद्धा झाली. पण गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही, म्हणून शहाणे मालक क्लच बदलताना तेही बदलून घेतात. विकणारा "केलंय सगळं" म्हणत असेल तर बिल मागा, तोंडी नको. दुसरं म्हणजे बोअर स्कोअरिंग, सिलिंडरच्या आत चरे पडतात. तुमच्या २००३ मधलं ३.६ लिटर इंजिन त्यासाठी बदनाम आहे, थंड इंजिन लगेच रेटलं तर जास्तच, आणि न्यू जर्सीतला जानेवारी तुम्हाला माहितीच आहे. बोअरस्कोप (बारीक नळीवरचा कॅमेरा) घालून बघता येतं. १९९९ ची ३.४ वाली चांगली मिळाली तर तीही बघा, त्यात बेअरिंग डबल रो, म्हणजे दोन ओळींचं आहे, ते कमी फुटतं.

आता माझं काम, म्हणजे पैशांचा हिशोब. सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के धरून ९९७ पडेल ६८,२४० ला, खात्यात उरतील ९,७६०. दीड महिन्याचा खर्च. ९९१ घेतलीत तर साडेचार हजारही नाही. आणि नोकरी गेली तर एच-वन बी वर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस असतात, वहिनींचं ईएडी पण तुमच्याच स्टेटसवर टांगलेलं, म्हणजे दिसायला दोन पगार, पण खुंटी एकच. तुम्ही म्हणताय "वेळ आली तर गाडी विकू". विकाल हो, पण ऐन थंडीत, घाईत, डीलर देईल त्या भावाला. भारतात नेऊ म्हणाल तर तेही नाही, तिकडे वापरलेली गाडी ३ वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते.

म्हणून सहा महिन्यांचे ३६ हजार बाजूला काढा, ते तुमचे नाहीत असं समजा. उरले ४२. त्यात ९९६ टॅक्ससकट ३१ च्या जवळपास बसते आणि ११ हजार राहतात. हे ११ गाडीचे, सुट्टीचे नाहीत, नवीन सोफ्याचेही नाहीत. स्वस्त ९९६ घेऊन खिसा रिकामा ठेवणारा माणूस महागड्या ९९७ वाल्यापेक्षा जास्त अडकतो, कारण पहिलं मोठं बिल आलं की तो क्रेडिट कार्ड काढतो. वर्षाला अडीच-तीन हजार मेंटेनन्सला धरून चला, हा माझा अंदाज आहे, कमी लागले तर आनंदच. ९९७ पेक्षा ३५ हजार कमी गुंतले, त्यावर ४ टक्के व्याज धरलं तरी वर्षाचे १,४०० सुटतात, म्हणजे निम्मा मेंटेनन्स तिथेच निघाला. आणि ९९६ ला पडायचं तेवढं बऱ्यापैकी पडून झालंय, ९९१ ला अजून खाली जायला जागा आहे.

कर्ज काढून ९९१ घ्यायचा जो पर्याय तुम्ही कंसात लिहिलाय त्याला सरळ नाही. ग्रीन कार्ड हातात आलं की ९९७ चा विषय परत काढा, मी स्वतः मॅन्युअलवालीच शोधा म्हणेन.

या आठवड्यात एवढंच करा: २००३ वाल्याला विचारा की स्वतंत्र पोर्शे मेकॅनिककडे गाडी तपासायला नेऊ का, बोअरस्कोपसकट, खर्च तुमचा. नाही म्हणाला तर फोन ठेवा. हो म्हणाला तर वहिनींना सोबत घेऊन जा, मागच्या सीटवर मुलगा मावतो का ते त्याच बघतील.