१९९८ च्या मारुती ८०० चा टेंपरेचरचा काटा सारखा लाल पट्ट्यात जातो, इंजिन मात्र गरम वाटत नाही. गॅरेजवाला हेड उघडू म्हणतोय. सेन्सर घरी बदलता येईल का?

हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडू देऊ नका. बाकीचं उत्तर नंतर वाचा, आधी त्या गॅरेजवाल्याला फोन करून थांबवा.

आमच्या बाबांची ८००, १९९६ चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली. २००९ च्या मे महिन्यात साताऱ्याहून वाईमार्गे पाचगणीला निघालो होतो. पसरणी घाटात दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर काटा सरळ लाल पट्ट्यात. दादा चालवत होता. त्याने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि आम्ही पाच जण अर्धा तास धोम धरणाकडे बघत बसलो. वाफ नाही, उकळल्याचा आवाज नाही, कूलंटचा तो गोडसर वास नाही, रेडिएटरच्या बाटलीतलं पाणी होतं तेवढंच. मी म्हटलं, "दादा, गाडी तापली असती तर पंखा नसता का फिरला?" दादा म्हणाला, "पंखा फिरत नाही म्हणूनच तापली ना!"

ह्या वाक्याची किंमत पुढच्या दोन महिन्यांत साडेअकरा हजार झाली.

पहिल्या गॅरेजमध्ये पंखा 'डायरेक्ट' करून दिला. म्हणजे डॅशबोर्डखाली न्हाणीघरातल्या दिव्याला असतं तसलं एक बटण बसवलं. गाडीत बसलं की आधी ते दाबायचं. काटा लालच. दुसऱ्याने रेडिएटरचं रॉडिंग केलं, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ केल्या, आणि जाता जाता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून टाकला, का तर "आपल्या हवेत तो लागत नाही." हे वाक्य ज्या मिस्त्रीच्या तोंडून येईल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिनाला पाहिजे तेवढी ऊब कधी येतच नाही, चोक ओढूनच फिरावं लागतं आणि पेट्रोल जास्त जातं. बाबांना तो फरक पहिल्याच महिन्यात कळला, कारण ते प्रत्येक टाकीचा हिशेब वहीत लिहायचे. तिसऱ्याने हेड उतरवलं, फेसिंग केलं (म्हणजे त्याची खालची बाजू घासून सपाट केली), मधलं नवं गॅस्केट टाकलं. गाडी संध्याकाळी घरी आली, दादाने पेढे आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी किल्ली फिरवली. दीड मिनिटात काटा लाल. रात्रभर थंडीत उभी असलेली गाडी! तेवढं पाणी गॅसवर ठेवलं तरी दीड मिनिटात उकळत नाही. रेडिएटरच्या वरच्या होज पाईपला हात लावला, गार. त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला: गाडी तापतच नव्हती, काट्याला खबर देणारा सेन्सर खोटं बोलत होता. तो दोन महिने आधी पडायला हवा होता हे कबूल करतो.

आता तुमचं काम. रेडिएटरचा वरचा पाईप इंजिनाकडे जिथे संपतो तिथे थर्मोस्टॅटची टोपी असते. तिच्या आसपासच, इनटेक मॅनिफोल्डवर, पितळी षटकोनी बोल्टासारखा एक तुकडा दिसेल, डोक्यावर एकच वायर. तोच सेन्सर. पंखा चालवणारा स्विच वेगळा असतो, दोघांची गल्लत करू नका. आमचा पंखा गप्प होता तो ह्यामुळेच: त्याचा स्विच खरं बोलत होता आणि काट्याचा सेन्सर खोटं.

किल्ली ऑन करा, इंजिन चालू नको. सेन्सरची वायर काढा. काटा खाली थंडाच्या बाजूला पडला पाहिजे. मग वायरचं टोक इंजिनाच्या उघड्या धातूला क्षणभर टेकवा. काटा वर चढायला लागला की लगेच उचला, धरून ठेवू नका. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर ठणठणीत, सेन्सर गेलेला. वायर काढूनही काटा वरच राहिला, तर वायर वाटेत कुठेतरी सोलवटून बॉडीला लागते आहे, ती शोधा. ह्या तपासणीला एक पैसा लागत नाही, आणि तिन्ही गॅरेजमध्ये कुणी ती केली नव्हती.

बदलायचं म्हणाल तर गाडी रात्रभर उभी असताना करा. रेडिएटरची टोपी एकदा उघडून बंद करा म्हणजे प्रेशर राहत नाही. नवा सेन्सर हातात तयार ठेवा, जुना सैल करा, काढा, भोकावर अंगठा, लगेच नवा फिरवा. अर्धा कप पाणी सांडेल, तेवढंच. मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा आहे, पान्यावर लटकू नका, आटे गेले तर सेन्सरच्या कित्येक पट खर्च येतो. नंतर पाणी भरून टोपी उघडी ठेवून इंजिन चालवा, बुडबुडे थांबेपर्यंत. आत हवा राहिली तर नवा सेन्सरही काहीतरीच दाखवतो. ८०० चं उत्पादन २०१४ ला बंद झालं तरी सेन्सर अजून सहज मिळतो. मला २००९ ला दोनशे चाळीसला पडला.

एक चूक मी स्वतः केली. आमच्या प्लंबरच्या सल्ल्याने आट्यांवर टेफ्लॉन टेपचे सात-आठ वेढे दिले. काटा जागचा हलेना. एकाच वायरच्या सेन्सरला अर्थिंग आट्यांमधूनच मिळतं, मी तेच बंद केलं होतं. टेप काढली, काटा हलला. हा किस्सा दादा सगळ्यांना सांगतो, हेडचा मात्र सांगत नाही.

राहिलेल्या दोन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. वरचा पाईप खरंच चटका देत असेल, बाटलीतलं पाणी रोज कमी होत असेल किंवा ऑइल दुधट चहासारखं दिसत असेल, तर मी वर काय लिहिलं ते विसरा आणि गाडी चालवू नका. तसं असेल तर गॅरेजवाला बरोबर असू शकतो. आणि तुमची कार्ब्युरेटरवाली असेल असं धरून मी लिहिलंय. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरवर चालणारं इंजेक्शन असलेली गाडी ज्यांची आहे, त्यांनी सेन्सरवर किती वायरी आहेत ते आधी मोजावं. कॉम्प्युटरला जाणारी वायर इंजिनाच्या धातूला टेकवायची नसते.

दादाचं आजही म्हणणं आहे की गाडी हेडच्या कामाने बरी झाली. म्हणून गेल्या दिवाळीत मी जुना सेन्सर, तसाच एक नवा आणि मल्टिमीटर घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात गेलो. वहिनीचं चहाचं पातेलं घेतलं. गार पाण्यात नव्याने साधारण चारशे ओहम दाखवले, जुन्याने अडतीस. उकळत्या पाण्यात नवा तीसच्या आसपास आला, जुना एकतीस. म्हणजे जुन्याला गार आणि उकळतं सारखंच, तो बिचारा कायम उकळत्या पाण्यातच होता. दादा म्हणाला, साताऱ्यात पाणी शंभरला उकळतच नाही, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवला उकळतं. हे खरं आहे, आणि त्याने काहीही फरक पडत नाही. मग म्हणाला, तुझा मीटर चायनाचा. शेवटी म्हणाला, "फेसिंग केलं नसतं तर तुझा नवा सेन्सरसुद्धा गेला असता."

वहिनीने ते पातेलं परत घेतलं नाही. ते आता माझ्याकडे असतं, कार्ब्युरेटरचे जेट धुवायला.