गुळाच्या वजनाची बेरीज वहीशी जुळंना

प्रश्न : नमस्कार सर, मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. सौद्यांच्या नोंदीसाठी मीच मायएस्क्यूएलवर (डेटा साठवायचा प्रोग्राम) छोटं सॉफ्टवेअर केलंय. तेव्हा वजनाचा कॉलम व्हारकॅर (म्हणजे मजकुराचा) ठेवला आणि आता बेरीज वहीपेक्षा कमी येतीय, सॉर्ट केलं की १०० च्या नंतर ९० येतं. कॉलम डेसिमल (दशांश आकड्यांचा) केला तर जुना डेटा उडंल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दादा, सॉर्टचं सोपं आहे, अक्षरं म्हणून बघितलं तर १ हा ९ च्या आधीच येणार. पण बेरीज कमी येतीय ते नीट बघा की, कारण डेटा उडायची भीतीपण तिथंच आहे. व्हारकॅरवर सम (बेरजेची कमांड) लावला की मायएस्क्यूएल जमंल तसा आकडा करून घेतं, म्हणजे कुणी इंग्रजी आकड्यांत स्वल्पविराम देऊन १,२५० टाकलं असंल तर ते फक्त १ धरतं, आणि कीबोर्ड मराठीवर असताना टाकलेलं वजन तर सरळ शून्य, देवनागरी आकडे त्याला आकडे वाटतच नाहीत.

आता तसाच मॉडिफाय (कॉलमचा प्रकार बदलायची कमांड) मारला आणि स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा अडवायची सेटिंग) चालू असला (मायएस्क्यूएल ५.७ पासून तो आपोआप चालू असतो, पण काही ठिकाणी बंद करून ठेवलेला असतोय) तर एरर येऊन थांबंल, ते चांगलंच. बंद असला तर नुसती वॉर्निंग येती आणि तेच १ आणि ० कायमचे बसतात. रोलबॅक करू (बदल मागं घेऊ) म्हणाल तर मायएस्क्यूएलमध्ये अल्टर, म्हणजे असला कॉलमचा बदल, मागं फिरत नाही.

म्हणून जुन्या कॉलमचा प्रकार बदलूच नका. बॅकअप घ्या, शेजारी नवीन कॉलम काढा, डेसिमल १०,३ (एकूण दहा आकडे, त्यातले तीन टिंबानंतरचे), कारण दशांशाची दोनच घरं ठेवली तर तिसरा आकडा गुपचूप राउंड होतो. फ्लोट (अंदाजे आकडे ठेवणारा प्रकार) अजिबात नको, हा हिशोबाचा मामला आहे. मग इंग्रजी आकडे आणि टिंब सोडून दुसरं काही असलेल्या ओळी रेजेक्सनं (नमुना देऊन शोधायची पद्धत) शोधा, स्वल्पविराम आणि मराठी आकडे रिप्लेसनं बदला, '३० किलो' असलं काही निघालं तर वहीत बघून हातानं दुरुस्त करा. नंतरच नवीन कॉलम भरा आणि बेरीज वहीशी लावा.

हे सौदे उरकल्यावर संध्याकाळी करा, मधेच कुणी एन्ट्री टाकायला नको. आणि त्या कमी बेरजेवरून कुणा शेतकऱ्याची पट्टी (मालाच्या पैशाचा हिशोब) निघाली असंल तर ती शोधून फरक देऊन टाका.