सिंक पुन्हापुन्हा का तुंबते?

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत सहा मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघरातील सिंक दर दोन-तीन महिन्यांनी तुंबते. प्लंबरकडून तार फिरवून घेतली, बाजारातील पावडर टाकली, उकळते पाणीही ओतले. पण थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. कधी कधी तर आमचा नळ बंद असतानाही सिंकमध्ये ओशट पाणी वर येते. कायमचा उपाय कोणता? (एक वाचक भगिनी)

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटचे निरीक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे. तुमचा नळ बंद असताना पाणी वर येत असेल, तर अडथळा तुमच्या सिंकखालच्या ट्रॅपमध्ये (पाणी साठून राहणाऱ्या वळणदार पाइपमध्ये) नसून सर्व मजल्यांच्या सामाईक उभ्या पाइपच्या तळाशी, म्हणजे तो जिथे वळून आडवा होतो आणि चेंबरकडे (जमिनीतील सांडपाण्याच्या झाकणबंद खड्ड्याकडे) जातो, त्या भागात असण्याची शक्यता फार मोठी आहे. तिथे पाण्याचा वेग कमी होतो आणि मागे साचलेले पाणी सर्वांत खालच्या घरात बाहेर पडते. तुम्ही तुमच्या घरात कितीही स्वच्छता ठेवली तरी हा त्रास एकट्याने थांबवता येणार नाही.

अडथळ्याचे मूळ बहुतेक वेळा स्निग्ध पदार्थांत असते. कढईतील तूप किंवा वनस्पती तूप गरम पाण्याबरोबर पातळ होऊन सहज निघून जाते, परंतु खाली जाता जाता निवते आणि पाइपच्या आतल्या बाजूस थर धरते. शेंगदाण्याचे तेल गोठत नसले तरी त्याचा चिकटपणा राहतोच, आणि त्यावर कणीक, भाताची शिते व चहाचा चोथा अडकत जातो. प्लंबरची तार या थरातून केवळ वाट काढते, थर खरवडून काढत नाही, म्हणून काही आठवड्यांत ती वाट पुन्हा बुजते. सोसायटीने आडवा पाइप आणि चेंबर उच्च दाबाच्या पाण्याने एकदा पूर्ण धुऊन घ्यावेत. शक्य असल्यास खालच्या मजल्यांच्या स्वयंपाकघरांचा पाइप सामाईक पाइपला न जोडता स्वतंत्रपणे चेंबरपर्यंत न्यावा; नव्या बांधकामात ही पद्धत आग्रहाने मागावी. सफाईसाठी कोणालाही सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवू नये. 2013 च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि आतील विषारी वायूने माणसाचा जीव क्षणात जाऊ शकतो.

त्यानंतरची काळजी मात्र प्रत्येक घराची. भांडी घासायला टाकण्यापूर्वी तेलकट कढई, तवा आणि तुपाची वाटी जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्याने पुसून घ्यावी, खरकटे आधी कचऱ्यात काढावे आणि सिंकवर बारीक छिद्रांची जाळी बसवावी. तळणीचे उरलेले तेल कधीही सिंकमध्ये ओतू नये. घरी भांडी घासणाऱ्या मावशींनाही यामागचे कारण समजावून सांगावे, कारण ही सवय त्यांच्या हातून घडणार आहे.

पावडरबद्दल सावध राहावे. तिच्यात बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्यात विरघळताना खूप तापतो, त्याने त्वचा व डोळे भाजू शकतात. ती ॲसिडबरोबर कधीही वापरू नये. ॲसिड व ब्लीच एकत्र आल्यास क्लोरीन वायू तयार होतो, हेही लक्षात ठेवावे. उकळते पाणी पीव्हीसी पाइपला मऊ करते व सांधे सैल करू शकते. म्हणून कोमट पाण्यापलीकडे जाऊ नये.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. न्हाणीघरातील पाणी लवकर जावे म्हणून नहाणी ट्रॅपची (फरशीतील जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याची) आतली वाटी काढून ठेवली, तर आता दुर्गंधी येते. काय करावे?

उत्तर : वाटी लगेच परत बसवावी. तिच्याभोवती साठून राहणारे पाणी गटारातील वायू आणि झुरळे अडवते. पाणी हळू जाण्याचे खरे कारण केस आणि साबणाचा साका हे आहे. बोअरचे पाणी बहुधा जड असते; त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका बनतो आणि तो केसांना एकत्र बांधतो. दर आठवड्याला जाळी उचलून केस हाताने काढावेत, वाटी घासून पुन्हा बसवावी, आणि न्हाणीघर बरेच दिवस वापरात नसेल तर अधूनमधून तांब्याभर पाणी ओतत राहावे.