सांगूनसुद्धा हलकं का वाटत नाही?

"मॅडम, दिवसभराचं सगळं मी त्या चौघींना सांगतो, तरी डोकं काय थंड होत नाही. उलट रात्री झोप लागत नाही की. ह्यांचं म्हणणं, घरातलं बाहेर सांगतीस म्हणून असं होतंय. खरं काय ते तुम्ही सांगा."

बेळगावात समुपदेशन करताना हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी माझ्यासमोर येतो. विचारणारी कधी कॉलेजातली मुलगी असते, कधी निपाणीहून आलेली शिक्षिका. यावेळी विचारणारी वडगावातली, चाळिशी ओलांडलेली एक सून होती. शहरातल्या एका सहकारी सोसायटीत ती काउंटरवर बसते. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी सांगतो, मी गेलो' असंच बोलतात, म्हणून तिचं बोलणं तसंच ठेवलं आहे. तिच्या परवानगीनेच लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिचा दिवस ऐकला तेव्हा त्यात मोठं संकट असं काही नव्हतं. नवरा पीत नाही, मारत नाही, कर्जाचा डोंगर नाही. पण शेजारी यंत्रमाग आहेत आणि त्यांची खडखड पहाटेपासून सुरू होते. गल्लीत नळाला पाणी काही दिवसांआड येतं. शहरातल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी असतं, ही गोष्ट बॅरल भरताना तिला दर वेळी आठवते आणि बोचते. पाणी कधी सुटेल याचा नेम नाही, आणि त्यासाठी उठायचं तिनेच. शेजारचा मुलगा स्कूटर नेमकी तिच्या बोळाच्या तोंडाशी लावतो. बस खचाखच भरलेली असते. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण गर्दीत मागून कोणीतरी 'फुकट फिरायला निघाल्यात' असं पुटपुटतो आणि ती कामावर पोहोचेपर्यंत धुमसत राहते. काउंटरवरचा तरुण सहकारी रोजचा हिशेब न जुळवताच पाचच्या ठोक्याला निघून जातो. रात्री ताटावर बसल्यावर सासूबाई म्हणतात, "आज आमटी पातळ झाली व्हय?"

"एवढ्याशा गोष्टींनी मला असं का होतंय?" याचीच तिला लाज वाटत होती. तिला मी सांगितलं ते इथेही सांगते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये रोजच्या कटकटींची 117 प्रश्नांची एक यादी केली. शंभर मध्यमवयीन माणसांकडून ती महिन्यामागून महिना भरून घेतली. घरातला मृत्यू, नोकरी जाणं अशा मोठ्या घटनांपेक्षा या बारीकसारीक कटकटींवरून माणसाच्या मनाची अवस्था जास्त नीट कळते, असं त्यांना आढळलं. त्याचं कारण समजायला अवघड नाही. मोठं दुःख आलं की चार माणसं धावून येतात, रजा मिळते, शेजारीण डबा पाठवते. पातळ आमटीवरच्या टोमण्यासाठी कोणी धावून येत नाही. म्हणून 'एवढंसं तर आहे' असं म्हणून स्वतःला दटावू नका.

आता त्या चौघी. मोबाइलवरच्या एका पाककृतींच्या ग्रुपमधून लॉकडाऊनच्या काळात त्यांची ओळख झाली. एक पुण्याची, एक रत्नागिरीची, एक इंदूरची, एक शारजात राहणारी. प्रत्यक्ष भेट कोणाशीच झालेली नाही. नवऱ्याचा राग मुख्यतः यावरच होता, की तोंडही न पाहिलेल्या बायका, त्या कसल्या मैत्रिणी?

इथे मी ठामपणे तिच्या बाजूची आहे. आपल्या भागातली सोयरीक कशी गुंतलेली आहे ते बघा. वडगावची लेक चंदगडात, चंदगडची खानापुरात, नणंद कोल्हापूरला, जाऊबाईंचं माहेर येळ्ळूरला. सकाळी नळावर एक शब्द बोलला तर संध्याकाळपर्यंत तो माहेर आणि सासर दोन्हीकडे पोहोचतो, आणि पोहोचेपर्यंत त्याचे चार झालेले असतात. ज्या बाईला जवळच्या कोणाकडेच मोकळेपणाने बोलता येत नाही, तिने लांबच्या माणसाचा आधार शोधला तर त्यात खोटं काय आहे? सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी इंदूरची मैत्रीण रात्री दोनपर्यंत तिच्याशी बोलत बसली होती. ती मैत्री खरीच आहे.

मग सांगूनही हलकं का वाटत नाही? पुढच्या भेटीत मी तिला आदल्या एका दिवसाचे तिचे स्वतःचे मेसेज मोठ्याने वाचायला सांगितले. विषय होता स्कूटरचा. सकाळी पाणी सुटलं, घागर घेऊन धावताना तिची नडगी स्कूटरच्या स्टँडला आपटली. साडेसातला तिने लिहिलं, "त्या पोराची गाडी परत आडवी, पाय सोलला." दुपारी डबा खाताना तेच पुन्हा, पण आता मागच्या महिन्यातल्या दोन प्रसंगांसकट. रात्री व्हॉइस मेसेज. त्यात त्या मुलाची आई आली, तिने कधीकाळी परत न केलेली पितळी परात आली, आणि शेवट "ही माणसंच असली, आपलं नशीबच असलं" असा झाला. पुण्याच्या मैत्रिणीने लिहिलं होतं, "असल्यांना धडाच शिकवायला हवा." शारजाच्या मैत्रिणीने तिच्या इमारतीतल्या पार्किंगची कहाणी जोडली. खाली संतापलेल्या चेहऱ्यांची रांग. घटना दोन मिनिटांची होती, पण ती दिवसभर चालली आणि प्रत्येक वेळी तिच्या अंगात तोच राग नव्याने चढला. शिळ्या कढीला ऊत आणणं आपण म्हणतो, ते तिच्या शरीरात अक्षरशः होत होतं. छातीत धडधड, जबडा आवळलेला, मग कुठून झोप येणार?

वाचता वाचता ती एका ओळीवर थांबली. रत्नागिरीच्या मैत्रिणीने विचारलं होतं, "मग तू त्याला काय म्हणालीस?"

"हिचा मला रागच आला होता त्या दिवशी," ती म्हणाली. "मी काय सांगतोय आणि ही काय विचारतीय!"

"पण काय म्हणाला होतात त्याला?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "काहीच नाही, मॅडम. त्याला कधी सांगितलोच नाही."

स्कूटरची गोष्ट पुण्यात माहीत होती, इंदुरात माहीत होती, समुद्रापलीकडे शारजातही माहीत होती. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या त्या मुलाला तेवढी माहीत नव्हती. असं मी फार वेळा पाहते. सांगितल्यावर क्षणभर मोकळं वाटतं, आणि त्या मोकळेपणात 'आपण काहीतरी केलं' असं समाधान मिळून जातं. प्रत्यक्षात काहीच हललेलं नसतं.

मनातला राग ओकून टाकला की तो संपतो, हा समज जुना आणि पक्का आहे. पण ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2024 मध्ये दीडशेहून जास्त अभ्यास एकत्र करून तपासले. एकंदर दहा हजारांवर माणसांच्या नोंदी त्यात होत्या. राग बाहेर काढल्याने राग कमी होतो, याला त्यांना आधार सापडला नाही. शरीराची उत्तेजना खाली आणणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, ध्यान, योगासनं यांनी तो कमी होताना दिसला. राग काढायला म्हणून पळत सुटणंही उपयोगाचं ठरलं नाही. मैत्रिणींबद्दलचा एक अभ्यास याहून जुना आहे. अमांडा रोझ यांनी 2002 मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास केला. त्रासाबद्दल पुन्हा पुन्हा, तेच तेच एकमेकांत उगाळणाऱ्यांची मैत्री घट्ट होती, आणि त्याचबरोबर त्यांच्यात उदासी आणि काळजीही जास्त होती. दोन्ही एकदम. म्हणूनच ही सवय सुटायला कठीण जाते, कारण तिच्यातून खरोखर काहीतरी मिळत असतं.

म्हणून मैत्रिणी सोडायला मी तिला सांगितलं नाही. सांगण्याची पद्धत तेवढी बदलायला सांगितली. एक प्रसंग एकदाच सांगायचा. सांगण्याआधी आपल्याला काय हवंय ते लिहायचं: 'नुसतं ऐका' किंवा 'काय करू ते सुचवा'. चौघींनाही विनंती करायची, की मी तेच परत सुरू केलं तर विचारा, 'पुढं काय केलंस?' पुण्याच्या मैत्रिणीला सुरुवातीला हे लागलं. आपल्या पाठिंब्याचीच तक्रार आहे असं तिला वाटलं. पण दोन-चार दिवसांनी तिने स्वतःच कबूल केलं, की बोलून झाल्यावर तिचंही डोकं दुखायचं. आणि रागात असताना व्हॉइस मेसेज करायचा नाही. आधी हातपाय धुवायचे, सावकाश श्वास घेत गच्चीवर दहा मिनिटं बसायचं, मग फोन हातात घ्यायचा. हे साधं वाटतं, पण सगळ्यात अवघड तेच गेलं, असं ती म्हणाली.

एक गोष्ट मी जरा कडक शब्दांत सांगितली. स्वतःचा त्रास सांगणं हा तुमचा हक्क आहे, पण जावेचं बाळंतपण किंवा सासूबाईंचे रिपोर्ट हे त्यांचं खाजगी आहे. ते ग्रुपवर टाकायचं नाही. पाठवलेल्या मेसेजचा फोटो कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं. आणि सोयरीक, वर म्हटलं तशी, पुण्यापर्यंतही पोहोचलेली असते.

स्कूटरवाल्या मुलाशी काय बोलायचं याची आम्ही केबिनमध्ये तालीम केली. पहिल्या खेपेला तिच्या वाक्यात परातसुद्धा आली होती! शेवटी उरलं ते एवढंच: "बाळ, सकाळी पाणी सुटलं की मला इथनं घागर घेऊन जावं लागतंय. गाडी तेवढी खांबाकडं लाव की." तो बोळ वापरात आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. गाडी हलली. सगळीच माणसं अशी चटकन ऐकतात असं मी म्हणणार नाही. सोसायटीतल्या सहकाऱ्याला तिने दोनदा सांगून पाहिलं, त्याने हसण्यावारी नेलं. मग तिने सेक्रेटरींना लेखी दिलं. हे लिहीत असताना त्यावर काही झालेलं नाही. तरी आता तो विषय तिच्या डोक्यात रात्रभर फिरत नाही, कारण आपल्या हातातलं करून झालं आहे हे तिला माहीत आहे.

बोलण्यात आणखी एक तक्रार आली होती, सरकारी कचेरीतल्या कन्नड अर्जांची. अर्ज वाचता येत नाही, खिडकीवर विचारायचं तर अपमान झाल्यासारखं वाटतं. याला मी रोजच्या कटकटींच्या पोत्यात भरू दिलं नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून चालत आलेलं, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेलं हे सीमाप्रश्नाचं, इथल्या सगळ्या मराठी माणसांचं दुखणं आहे. त्यासाठी संघटना आहेत, निवेदनं आहेत, त्यात हवा तितका भाग घ्यावा. पण खिडकीपलीकडच्या कारकुनाने ते दुखणं निर्माण केलेलं नाही, आणि त्याच्याशी भांडून ते मिटतही नाही. तिची सातवीतली मुलगी शाळेत कन्नड शिकते. आता अर्ज घरी आणला की दोघी मिळून भरतात. आईला काहीतरी शिकवताना मुलगी फुलून येते, हे ती मला आवर्जून सांगते.

आणखी दोन गोष्टी, कारण त्या राहून जातात. पहिल्याच भेटीनंतर मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं होतं. चाळिशीतल्या बाईची सततची चिडचीड म्हणजे स्वभाव बिघडला असं धरून चालू नये. रक्त कमी असणं, थायरॉइड, पाळी जाण्याच्या आधीचे बदल यांनीही माणूस चिडचिडा होतो. तिचं हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्यावर जिना चढताना लागणारा दम गेला आणि सासूबाईंचा टोमणाही पूर्वीइतका झोंबेनासा झाला. दुसरी गोष्ट, दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक उडाली, सारखं रडू येऊ लागलं किंवा जगणं नको वाटू लागलं, तर ते मैत्रिणींच्या ग्रुपवर निभावण्याचं काम नाही. 14416 हा टेली-मानसचा मोफत सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. अशा वेळी तिथे फोन करा, डॉक्टरांना गाठा, घरात निदान एकाला तरी सांगा.

नवऱ्याला मी एकदा बोलावून घेतलं. माणूस सरळ होता, दुखावलेला होता. "मला का सांगत नाही ही?" हा त्याचा खरा प्रश्न. मी तिला तिथेच विचारलं. ती म्हणाली, "सांगितलो की तुम्ही लगेच म्हणता, सोड नोकरी. नाहीतर म्हणता, आईचं वय झालंय, मनावर घेऊ नको. मला ह्यातलं काहीच नको असतंय." तोडगा काढणं म्हणजेच मदत, असं त्याने आयुष्यभर धरलं होतं. जेवणानंतर दहा मिनिटं उत्तर न देता ऐकायचं, एवढंच मी त्याच्याकडून मागितलं. आणि पाण्याचं काय, तेही विचारलं. उठण्याची पाळी त्याने आठवड्यातून एकदा घेतो म्हटलं. तिने तिथल्या तिथे सांगितलं, "एकदा नाही, निम्मे दिवस." थोडा वेळ घासाघीस झाली, आणि निम्म्यावर ठरलं.