४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे का?

प्रश्न : ४,२९,४९,६७,२९७ या संख्येला मी १०० पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहिले, प्रत्येक वेळी बाकी उरते. मग ही मूळ संख्या आहे असे मानावे काय? खात्रीच करायची तर भागाकार कुठपर्यंत करीत जावे?

उत्तर : तसे मानू नये. ही संख्या संयुक्त असून ती ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा गुणाकार आहे. अर्थात आपली जी समजूत झाली, तीच सतराव्या शतकात पिएर द फर्मा यांचीही होती. ३ पासून आरंभ करून प्रत्येक वेळी मागच्या संख्येतून १ वजा करावा, उरलेल्याचा वर्ग करावा आणि त्यात १ मिळवावा, म्हणजे ३, ५, १७, २५७, ६५,५३७ अशी मालिका मिळते. या पाचही संख्या मूळ असल्याने पुढच्याही मूळच असतील, असे फर्मा यांना वाटले. परंतु सहावी संख्या नेमकी आपण विचारलेली, आणि लिओनार्ड ऑयलर यांनी १७३२ मध्ये तिचा ६४१ हा विभाजक दाखवून दिला.

नेहमीच्या नियमाप्रमाणे वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागतील आणि त्या ६,५४२ आहेत. एवढा खटाटोप करण्याचे मात्र कारण नाही. या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरते, हे ऑयलर यांनी सिद्ध केले. पुढे एकोणिसाव्या शतकात एदुआर ल्युका यांनी ६४ च्या जागी १२८ घेता येतात असे दाखवले. म्हणून १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ याच क्रमाने पाहावे लागते. त्यांपैकी २५७ आणि ६४१ एवढ्याच मूळ आहेत, आणि २५७ ही स्वतःच मालिकेतील असल्याने बाद होते, कारण मालिकेतील कोणत्याही दोन संख्या परस्परांशी सहमूळ असतात. तात्पर्य, भागून पाहण्याजोगी पहिलीच संख्या ६४१! आपण १०० पर्यंत केलेल्या भागाकारांतून काही हाती लागणे मुळातच शक्य नव्हते.

६७,००,४१७ ही संख्या मूळ आहे, याची खात्री आपण कागदावरही करू शकाल. तिचा प्रत्येक मूळ विभाजक ४,२९,४९,६७,२९७ चाही विभाजक असणार, आणि तिचे वर्गमूळ सुमारे २,५८८ आहे. त्यामुळे ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ एवढेच चार भागाकार पुरतात. त्यांच्या बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येतात.

एकही भागाकार न करता आपण विचारलेली संख्या संयुक्त ठरवण्याचा मार्ग मला अधिक देखणा वाटतो. एखादी संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात दोन वेगवेगळ्या प्रकारे मांडता आली, तर ती मूळ असू शकत नाही. ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग ही एक मांडणी तर मालिकेच्या रचनेतूनच मिळते; दुसरी म्हणजे ६२,२६४ आणि २०,४४९ यांच्या वर्गांची बेरीज. यांतील २०,४४९ हा पुन्हा १४३ चा वर्ग आहे.