ॲपमधला हिरवा दिवस किती भरवशाचा?

प्रश्न : माझे वय 27 असून मुलगी दीड वर्षाची आहे व ती अजून रात्री अंगावर पिते. दुसरे मूल आम्हाला निदान दोन वर्षे नको आहे. पाळीच्या ॲपमध्ये हिरवे दिसणारे दिवस आम्ही सुरक्षित धरतो; पण माझी पाळी कधी 26 दिवसांनी, तर कधी 37 दिवसांनी येते. शिवाय माझा फोन घरात सगळेच हाताळतात. या ॲपवर विसंबून राहावे का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : पाळीची नोंद ठेवण्यासाठी ॲप जरूर वापरा; मात्र दिवस राहू नयेत म्हणून त्यावर विसंबू नका. स्त्रीबीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या 14 दिवस आधी बाहेर पडते, आणि तुमची पुढची पाळी केव्हा येणार हे ॲपला ठाऊक नसते. ते मागच्या नोंदींवरून केवळ अंदाज बांधते. शुक्रजंतू तर शरीरात 5 दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. जुन्या दिनदर्शिका पद्धतीत सर्वांत लहान चक्रातून 18 आणि सर्वांत मोठ्या चक्रातून 11 वजा करतात. तुमचे आकडे घातल्यास आठव्यापासून सव्विसाव्या दिवसापर्यंतचा सारा काळ जोखमीचा ठरतो, आणि अंगावर पाजणाऱ्या आईसाठी हा हिशेबही पक्का नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 साली एका ॲपला गर्भनिरोधक म्हणून परवानगी दिली खरी. पण ते रोज सकाळी उठण्याआधी मोजलेल्या तापमानावर चालते, आणि तरीही नेहमीच्या वापरात वर्षभरात शंभरातील सुमारे 7 स्त्रियांना दिवस राहतात. रात्री मुलीसाठी उठावे लागणाऱ्या आईला हे तापमान नीट मिळणेच कठीण.

तुमच्यासाठी मला तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) अधिक योग्य वाटते, कारण ती काढली की पुन्हा लवकर दिवस राहू शकतात. 'अंतरा' हे तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन थांबवल्यावर मात्र पुन्हा दिवस राहायला काही महिने लागतात. 'छाया' ही संप्रेरक नसलेली गोळी लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने शोधली असून ती अंगावर पाजतानाही चालते. पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची असते. असे बदलते वार ध्यानात ठेवायला फोनची आठवण खरोखर उपयोगी पडते. पीसीओडी (अंडाशयाचा संप्रेरकांशी निगडित विकार) असल्यास किंवा अलीकडे कावीळ झाली असल्यास ही गोळी घेण्याआधी ते डॉक्टरांना सांगा. ही साधने सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळतात, आणि सज्ञान स्त्रीला त्यासाठी पतीची सही लागत नाही.

ॲपला वेगळे कुलूप लावा, त्याच्या सूचना पडद्यावर दिसणार नाहीत अशी सोय करा आणि आठवणीला 'गोळी' न म्हणता दुसरे नाव द्या. तुमच्या शरीराची नोंद कोणी पाहावी, हे तुम्हीच ठरवायचे आहे.

'ई-संजीवनी' या सरकारी सेवेतून घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येते, परंतु तांबीसाठी प्रत्यक्ष तपासणी हवीच. तोवर प्रत्येक वेळी निरोध वापरा, आणि सध्या पाळी लांबली असेल तर सर्वांत आधी लघवीची तपासणी करून घ्या.